जरा पेन देता?

खडकवासल्यात नानांना कुणी खटक्याचं पेन दाखवत नाही. नाना रांगेत दिसले की बँकेतला कारकून खिशातलं पेन ड्रॉवरमध्ये सरकवतो आणि काउंटरला दोरीने बांधलेलं टोपणाचं पेन त्यांच्यापुढे करतो. विम्याचा एजंट त्यांच्या घरी जाताना आठवणीने रेनॉल्ड्स 045 घेऊन जातो, कारण त्यात स्प्रिंगच नसते. एका लग्नात आहेर लिहून घेणारा मुलगा मात्र नवखा होता. नाना अगदी मायेने म्हणाले, "जरा पेन देता?" त्याने दिलं. नाना क्षणभर पाठमोरे झाले आणि पेन परत आलं. वजन तेवढंच, रंग तोच. फक्त खटका दाबला की आत जायचा आणि आतच राहायचा. पोरगं संध्याकाळभर रिफिल अंगठ्याने रेटून आहेर लिहीत होतं. कुणी पाचशे दिले आणि कुणी पन्नास, हे त्या घरात अजून ठरायचं आहे.

हे गृहस्थ तुमच्या ओळखीत असणारच. तुमच्याकडे ते मिक्सर उघडत असतील, घड्याळं उघडत असतील. 'फेकू नका, माझ्याकडे द्या' म्हणणाऱ्यांची ही जात. आमच्याकडच्या नगाला मासेमारीच्या रिळांचा नाद आहे, एवढाच फरक.

आता रिळंच का, तर रविवारी अर्धा सिंहगड रोड धरणावर येऊन थांबतो. चौपाटीवर कणसं, कांदाभजी, गाड्यांचे हॉर्न, आणि या सगळ्याच्या कडेला हल्ली एक नवी जमात दिसते. रॉड ऑनलाइन मागवलेला, रीळ ऑनलाइन मागवलेलं, आणि चिलापीही ऑनलाइनच यावी अशी घाई. रीळ दिसायला दणकट असतं. पण दोरा फेकताना जी तारेची कमान उघडायची आणि हँडल फिरवलं की जी खट्कन मिटायची, तिचा सगळा भार एका स्प्रिंगवर. मधे दोन-चार वेढे आणि दोन्ही बाजूंना एकेक पाय. उघडमीट होऊन होऊन तार थकते आणि एक दिवस एक पाय मोडतो. हँडल उलटं फिरू नये म्हणून आत एक खटका असतो, त्याच्यामागे दुसरी स्प्रिंग, तांदळाच्या दाण्याएवढी. ती गेली की मासा ओढतो आणि हँडल गरागरा उलटं फिरून बोटं सडकतं. दुकानदार म्हणतो, पार्ट येत नाही, नवीन घ्या. गडी नवीन घ्यायला तयारही असतो. तेवढ्यात मागून आवाज येतो, "बघू."

नानांनी 'बघू' म्हटलं की ते रीळ मालकाचं राहत नाही.

धरणाखालच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्राच्या वर्कशॉपात नाना फिटर होते. 1916 पासून चालत आलेली संस्था; देशभरातल्या धरणांची आणि बंदरांची लहान मॉडेलं तिथे बांधून पाण्याची वागणूक तपासतात. तिथे नाना एक गोष्ट शिकले, की मोठी वस्तू समजून घ्यायची तर ती टेबलावर आणावी लागते. निवृत्तीनंतर त्यांनी टेबल ओसरीवर आणलं, आणि काकूंना तांदूळ निवडायला स्वयंपाकघरात पाठवलं.

स्प्रिंगांसाठी त्यांच्या वाऱ्या ठरलेल्या. बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार, एरवी बोहरी आळी. भोसरीला स्प्रिंगा वळून देणारे कारखाने आहेत, पण तिथे एक नग मागितला की माणसं तुमच्या चेहऱ्याकडे बघतात. मग उरतं आपलं घरदार. काकूंच्या बांगड्यांत सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात, आणि सेफ्टी पिनेचं मागचं वेटोळं ही तयार दोन पायांची स्प्रिंगच. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकनाने 1849 साली ही पीन काढली आणि पेटंट चारशे डॉलरला विकून टाकलं, हे नाना मेलेल्या भावाची हकिगत सांगावी तशा दुःखाने सांगतात, आणि सांगता सांगता काकूंच्या मनगटाकडे बघतात. काकू हात पदराखाली घेतात.

वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे ही त्यांची पहिली मोठी चूक. त्या काळात आमच्या गल्लीतले टॉवेल वाऱ्याबरोबर किरकटवाडीच्या दिशेने जात. चिमट्याची स्प्रिंग त्यांनी एका संगणकवाल्या मुलाच्या रिळात बसवली. मुलाने कमान उघडली, झोकात दोरा फेकला, आणि गळ अर्ध्या वाटेत असतानाच कमान धाडकन मिटली. दोरा तुटला. गांडूळ लावलेला गळ पलीकडच्या दाम्पत्याच्या भज्यांच्या प्लेटीत. नानांनी माफी मागितली नाही, गणित सांगितलं. "तार दुप्पट जाड घेतली की ताकद दुप्पट होत नाही, सोळापट होते. माझा अंदाज चुकला." त्या बाई म्हणाल्या, "आमची भजी सोळापट देता का?"

हे सोळापट प्रकरण नानांना आवडतं. दुसरं आवडतं ते असं, की स्प्रिंग अर्धी कापली की ती नरम होईल असं सगळ्यांना वाटतं, आणि ती होते दुप्पट कडक. वेढे कमी, म्हणजे तोच दाब थोडक्यांवर. हे सांगताना ते समोरच्याच्या खिशाकडे बघतात. "दाखवतो. जरा पेन देता?"

त्यांना काम करताना बघणं हा मात्र वेगळा मामला आहे. ड्रिलचा जुना बिट उलटा धरून शिकंज्यात आवळायचा, त्याच्या गुळगुळीत दांड्यावर तार ओढून ताणून वेढे द्यायचे. सोडली की तार थोडी उसळून उलगडते, म्हणून दांडा हव्या त्या मापापेक्षा बारीक घ्यायचा. किती बारीक, ते पुस्तकात शोधायचं नाही, दोन वाया घालवायच्या. मग पाय वाकवायचे. काटकोनात झटकन वाकवला तर तार तिथेच मोडते. गोल नाकाच्या पकडीने, थोडा बाक ठेवून. तापवून वाकवू म्हणणाऱ्याला नाना दारातून परत पाठवतात. लाल केलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग ती नुसती तार राहते. आणि वेढे डावे की उजवे हे आधी बघायचं. ताण आला की वेटोळं आवळलं पाहिजे. उलटं वळलं तर प्रत्येक झटक्याला ते उलगडू बघतं. नाना डोळे मिटून, बोट रिळात घालून कमान दोनदा उघडमीट करतात आणि सांगतात, "डावी."

आणि मग 'टिंग'.

कधीतरी ती उडतेच. "हलू नका!" नाना ओरडतात आणि ओसरीवरचे सगळे, पेपर टाकायला आलेल्या पोरासकट, एक पाय वर असेल तर तो वरच ठेवून उभे राहतात. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून नाना जमिनीवरून फिरवतात. त्याला चुका, टाचण्या, काकूंची एखादी पीन आणि कधीकाळची दुसरीच स्प्रिंग लागते. हरवलेली मिळत नाही. ती चार दिवसांनी काकूंच्या डब्यात, पोह्यांत.

यातली गंमत अजून सांगितलीच नाही. नाना माळकरी आहेत. मासा त्यांनी जन्मात चाखलेला नाही, धरलेलाही नाही. गळाला हात लावत नाहीत. कुणी रीळ रॉडसकट आणलं तर आधी गळ सोडवून ठेवायला सांगतात. "पाप गळाचं. रीळ नुसतं फिरतं." या तर्काला पंढरपुरात कितपत मान्यता मिळेल कोण जाणे, पण पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा नाना वारकऱ्यांच्या मोडक्या छत्र्या नीट करत बसतात आणि ज्या नीट होण्यापलीकडे गेल्या त्यांच्या स्प्रिंगा पिशवीत टाकतात. माउलीला हिशेब ठाऊक असणार.

असं का वागतात याचं एक छान कारण मी शोधून ठेवलं होतं. 12 जुलै 1961. पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, पुणं वाहून गेलं. नाना तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. घरातलं सगळं डोळ्यांदेखत गेलेला पोरगा मोठेपणी काहीच टाकवत नाही, इतका सुबक मुद्दा होता. एका संध्याकाळी हळुवारपणे विषय काढला. नाना म्हणाले, "आमचं घर गडाच्या पायथ्याला, उंचावर. आमची बादलीसुद्धा गेली नाही." आणि पुढे, "तुमच्याकडे पेन आहे का?"

2022 साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस पोर्टलही काढलं. मोबाइल, गाड्या, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं असे चार विभाग. मी उत्साहाने नानांना फोनवर दाखवलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "स्प्रिंग कुठे मिळते ते लिहिलंय?" नव्हतं लिहिलेलं. कंपनीला स्प्रिंग विकण्यात रस नाही, तिला रीळ विकायचंय. आणि ज्याचं रीळ मोडलं त्यालाही खरं तर नवंच हवं असतं, जरा बरं कारण मिळालं की झालं. या दोघांचं इतकं छान जमत असताना मधे नाना. दुरुस्त केलेलं रीळ घ्यायला यायलाच किती जण विसरतात. खिडकीत सोळा-सतरा रिळं ओळीने ठेवलेली आहेत, सगळ्यांच्या कमानी खणखणीत मिटतात, मालक बाणेर-बावधनकडे नवी रिळं घेऊन बसलेले. नाना रोज एकेकाचं हँडल फिरवून ठेवतात, ग्रीस सुकू नये म्हणून.

पैसे ते घेत नाहीत. "दोन रुपयांची स्प्रिंग. तीही माझी नाही."

हे वाक्य मी विनोद म्हणून सोडून दिलं होतं. परवा काकूंनी माळ्यावरचा एक डबा काढायला लावला, आणि डब्याबरोबर एक वही खाली आली. वर नानांच्या वळणदार अक्षरात 'देणे'. आत तारीखवार नावं. बँक, कारकून, 2. विमा, 1. आहेराचा मुलगा, 1, पुढे 'दिली'. माळ गळ्यात घातलेल्या माणसाला कुणाचं देणं ठेवून चालत नाही. सिंहगड रोडवरच्या एका सतारीच्या क्लासातून ते तुटलेल्या तारा आणतात. मिरजेच्या सतारींना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा नाना म्हणाले होते, "तार चांगलीच आहे," तेव्हा मला वाटलं ते संगीताबद्दल बोलतायत. त्या तारांच्या स्प्रिंगा हाताने वळून ते एकेकाच्या पेनात गुपचूप परत बसवत होते. कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, पेन परत आलंय खरं, पण खटका दाबायला आता दोन अंगठे लागतात, आणि सुटला की बाजूचं गिऱ्हाईक दचकतं. शाई दोनदा संपली, स्प्रिंग हलायला तयार नाही.

माझ्या नावापुढे तीन लिहिल्या आहेत, तिन्ही पेनातल्या. टीव्हीच्या रिमोटमधली, सेलमागची, धरलेलीच नाही. ते नानांच्या लक्षात आणून द्यायचं तर पुरावा म्हणून रिमोट त्यांच्याकडे न्यावा लागेल, आणि त्यात अजून एक स्प्रिंग शिल्लक आहे. मी नेणार नाही.