ना-हरकत भुऱ्या

शीळफाट्याला माणूस मुद्दाम येत नाही, तो तिथे अडकतो. मुंब्रा बायपास, महापे, पनवेल आणि कल्याण अशा चारी दिशांनी आलेली वाहनं जिथे एकमेकांची तोंडं बघत उभी राहतात, ती ही जागा. जेएनपीटीहून निघालेला कंटेनर, भिवंडीच्या गोदामाकडे चाललेला ट्रक, दिव्याची रिक्षा आणि महापेच्या नोकरीला निघालेला आमच्यासारखा हप्तेकरी, अशी सगळी मंडळी इथे एका पातळीवर येतात. ती पातळी पहिल्या गिअरची असते. बीकेसीहून निघणारी बुलेट ट्रेन 21 किलोमीटर बोगद्यातून येणार, त्यातले 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. आणि एवढा वेळ श्वास रोखून धरल्यावर ती डोकं वर काढणार ते नेमकं शीळफाट्याला. तिला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

इथे आम्ही फ्लॅट घेतला. नातेवाइकांनी कारण विचारलंच तर 'मोकळी हवा' असं सांगतो. ठाण्यातले भाव त्यांनाही माहीत असल्यामुळे ते समजुतीनं मान डोलावतात.

भुऱ्या मात्र इथला मूळ रहिवासी. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याच्या दुकानामागे टायरांच्या ढिगात त्याचा जन्म झाला. पंक्चरवाल्यानं त्याची भावंडं ओळखीपाळखीत वाटून टाकली आणि उरलेलं हे एक आमच्या कन्येच्या दप्तरातून घरी आलं. दप्तरात डबा होता, म्हणून वाटेत त्याचा आवाज आला नाही. डब्यात काय होतं ते आम्हाला कळलंच नाही, कारण तेही उरलं नाही.

लिफ्टमधल्या पहिल्या भेटीतच शेजारणीनं विचारलं, "कमिटीला विचारलंत का?"

सोसायटीत राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. खिडकीला ग्रिल लावा, दाराबाहेर चपलांचं रॅक ठेवा, गॅलरीत तुळस हलवा, हा प्रश्न येतोच. फक्त कर्ज काढताना कुणी विचारत नाही. मी सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, "अर्ज करा, आपण मीटिंगमध्ये ठेवू." अर्जाचा छापील नमुना होता. त्यात नूतनीकरण, भाडेकरू, पार्किंग आणि इतर असे चारच रकाने. भुऱ्या 'इतर'मध्ये बसला. पण सेक्रेटरी नियमाला पक्के. इतरसाठी वेगळी यादी नव्हती, म्हणून त्यांनी भाडेकरूची यादी लावली: दोन फोटो, ओळखीचा पुरावा, मूळ गावचा पत्ता, पोलीस व्हेरिफिकेशन. भुऱ्याचे फोटो काढले, एक समोरून आणि एक बाजूनं. दोन्हीत तो सराईत गुन्हेगारासारखा दिसत होता. मूळ गावचा पत्ता म्हणून पंक्चरवाल्याचं दुकान लिहिलं. ओळखीचा पुरावा म्हणून लसीकरणाचं पुस्तक जोडलं. त्यात रेबीजच्या लशीची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि पुढच्या वर्षीची तारीख सगळं जागच्या जागी होतं. आमच्या घरात कागदपत्रं पूर्ण असलेला तो एकटाच.

"महापालिकेचा परवाना?" सेक्रेटरींनी चष्म्यावरून विचारलं.

"कुठल्या महापालिकेचा?" मी विचारलं.

हा उद्धटपणा नव्हता. फाट्याच्या आसपास ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई अशा तीन महापालिकांच्या हद्दी एकमेकींना खेटून आहेत आणि त्या स्थिर राहतील याची खात्री कुणी देत नाही. कल्याण शीळ रस्त्यालगतची ती प्रसिद्ध 27 गावं 1983 मध्ये कल्याण-डोंबिवलीत आली, 2002 मध्ये बाहेर पडली आणि 2015 मध्ये परत आत आली. दहिसर मोरी, पिंपरी, भंडार्ली वगैरे 14 गावं नवी मुंबईत होती, ती वगळली आणि पुन्हा घेतली. सकाळी एका महापालिकेत झोपेतून उठलेला माणूस रात्री कुठल्या महापालिकेत झोपेल, हे सांगणारा ज्योतिषी या भागात चांगला चालेल. भुऱ्यानं मात्र पहिल्याच फेरीत एक तंगडी वर करून खांबाखांबाला आपली हद्द कायम केली. त्यावर हरकती मागवल्या नाहीत, सूचना काढल्या नाहीत, आणि ती हद्द आजतागायत बदललेली नाही.

शेवटी ठाणे महापालिका असं ठरलं, कारण मालमत्ता कराचं बिल तिथून येतं. बिल ज्याचं, हद्द त्याची.

मीटिंग क्लबहाऊसमध्ये झाली. विषयपत्रिकेवर लिफ्टची दुरुस्ती, टँकरच्या पाण्याचा खर्च आणि गळती हे विषय होते. त्यानंतर 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' या सदरात भुऱ्या होता. पण माणसं जमली ती त्याच्यासाठी. गळतीच्या विषयाला जे कधी दिसत नाहीत असे चेहरे पहिल्या रांगेत होते.

खजिनदारांचा मुद्दा पाण्याचा. कुत्र्याला आंघोळ किती दिवसांनी घालता, बादल्या किती, त्या टँकरच्या हिशेबात कुठे धरायच्या? पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा मुद्दा आवाजाचा. बाहेर कल्याण शीळ रस्त्यावर अवजड वाहनं रात्रभर हॉर्न वाजवतात, मेट्रोच्या कामाचा धडधडाट वेगळा. पण आजोबा म्हणाले, "ते आवाज बाहेरचे आहेत हो. हा आपल्यातला." एका तरुण सभासदानं एकदम विचारलं, "ब्रीड कुठली?"

"फाट्याची," मी म्हणालो.

सभेत निराशा पसरली. "लॅब्राडॉर वगैरे असता तर विचार करता आला असता," एक बाई हळहळून म्हणाल्या. बी विंगमध्ये एक हस्की आहे. सायबेरियाच्या बर्फातला तो जीव शीळफाट्याच्या मे महिन्यात एसीत बसून असतो आणि त्याच्याविषयी सोसायटीला अभिमान वाटतो. बिल्डरच्या माहितीपत्रकात तळ्याकाठी फिरणाऱ्या कुटुंबाच्या हातात कुत्रा होता, तो गोल्डन रिट्रीव्हर होता. तळं झालं नाही, पण त्या कुत्र्याची इज्जत राहिली. आपल्याकडे कुत्र्यालासुद्धा आधी आडनाव विचारतात.

मग कीर्तनाला जाणारे एक निवृत्त सभासद उठले. त्यांनी दत्ताच्या पायाशी बसलेले चार वेद सांगितले, खंडोबाचा कुत्रा सांगितला, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव सांगितले, आणि अखेर धर्मराजावर आले. स्वर्गाच्या दाराशी इंद्रानं अडवलं, कुत्रेवाल्यांना इथे जागा नाही म्हणाला; धर्मराजानं स्वर्ग नाकारला, पण बरोबर आलेलं कुत्रं सोडलं नाही. ना-हरकत प्रमाणपत्राचं हे पहिलं प्रकरण, आणि त्यात खुद्द इंद्राच्या कमिटीला माघार घ्यावी लागली. सभा हेलावली. चेअरमन मात्र हेलावले नाहीत. ते म्हणाले, "धर्मराज हिमालय पायी चढून गेला होता. त्या कुत्र्यानं लिफ्ट मागितली नव्हती."

इथे कन्येनं मोबाइल काढला. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्याखाली 1962 मध्ये भारतीय जीवजंतु कल्याण मंडळ स्थापन झालं. रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा. या मंडळानं फेब्रुवारी 2015 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या तिनं सभेला वाचून दाखवल्या. कुत्रा पाळायला संस्थेला बंदी घालता येत नाही. बहुमतानं ठराव केला तरी नाही. लहान चालेल, मोठा चालणार नाही, असा भेद करता येत नाही. कुत्रा भुंकतो हे त्याला काढून टाकायचं कारण होत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी जादा शुल्कही घेता येत नाही. घाण उचलण्याची विनंती करता येते, दंड लावता येत नाही. 2021 मध्ये केरळ उच्च न्यायालयानंही पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी घालणारे नियम मोडीत काढले, हेही तिनं जोडलं.

थोडक्यात, आम्ही जी परवानगी मागायला आलो होतो, ती देण्याचा अधिकार समोरच्यांना मुळात नव्हता.

अशा वेळी सभेत जी शांतता पसरते ती चांगली नसते. चेअरमन दुखावल्या आवाजात म्हणाले, "कायद्याचं कशाला बोलता? आम्ही नाही म्हटलंय का?" खरंच म्हटलं नव्हतं. हो सुद्धा म्हटलं नव्हतं. कायदा तसा फार अंगावर येणाराही नाही. प्राण्याला क्रूरपणे वागवलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. आमच्याकडे पाहुण्याच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावली तर 500 पडतात.

कुत्र्यावरून भांडायची परंपरा मुंबईकडे जुनी आहे, याचा त्या रात्री आधार वाटला. 6 जून 1832 रोजी कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारायला शिपाई सोडले म्हणून फोर्टातले पारशी त्या शिपायांवर तुटून पडले. कुत्र्यामागे बक्षीस होतं, त्यामुळे शिपाई पाळलेली कुत्रीही सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी हरताळ, बाजार बंद. आता बाजार बंद होत नाहीत, माणसं व्हॉट्सॲप ग्रुप सोडतात. इथून जवळच नेरुळच्या सीवूड्स इस्टेटमधला कुत्र्यांना खायला घालण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोचला. 2025 च्या ऑगस्टमध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीची भटकी कुत्री उचलायचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात तो बदलून, नसबंदी आणि लस करून बहुतेक कुत्री परत सोडा असं सांगितलं. एवढ्या मोठ्या न्यायालयाला महिन्यात दोनदा विचार करावा लागतो, तिथे आमच्या सेक्रेटरींनी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला तर त्यांना दोष कसा द्यायचा?

नंतरचे काही दिवस कायदा आमच्या बाजूला होता आणि लिफ्ट नव्हती. आम्ही आत शिरलो की आतल्यांना काहीतरी विसरल्याचं आठवे आणि ते बाहेर पडत. तेव्हा हिनं सूत्रं हातात घेतली. वहीच्या पानावर 'आमची हरकत नाही' असं लिहून ती दारोदार फिरली. मी म्हटलं, याला कायद्यात काही किंमत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच सही करतील."

सह्या झाल्या. एकेका सहीबरोबर एकेक गोष्टही ठरत गेली. खजिनदारांनी सही केली आणि टँकरवाला बदलण्याच्या ठरावाला आमचं मत सहज गृहीत धरलं. सेक्रेटरींना गणेशोत्सवात वर्गणीचं पुस्तक फिरवायला माणूस हवा होता, तो त्यांना मिळाला. तो मी. शेजारणीनं आमच्या पार्किंगच्या खांबाजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात मुलाची सायकल ठेवली. आजोबांनी दुपारी दोन ते चार भुंकायचं नाही एवढीच अट घातली. पण चौथ्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं की वरून ओरडून सांगायची जबाबदारी आमची, हे पोटकलम त्यांनी हिच्याकडून तोंडी वदवून घेतलं. कल्याण मंडळ म्हणतं, कुत्र्यासाठी जादा शुल्क घेता येत नाही. कुणी एक रुपया घेतला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

चेअरमनांनी सही केली नाही. "माझी सही प्रोटोकॉलमध्ये बसत नाही," असं त्यांनी सांगितलं आणि हिच्या हातून अळूवड्या ठेवून घेतल्या. प्रोटोकॉलमध्ये त्या बसल्या.

राहिला गेटवरच्या ॲपचा प्रश्न. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद झाल्याशिवाय वॉचमन सोडत नाही आणि ॲपमध्ये पाहुणा, डिलिव्हरी, कॅब आणि डेली हेल्प एवढेच प्रकार होते. वॉचमननं डोकं लढवून भुऱ्याला डेली हेल्पमध्ये टाकलं. आता तो खाली उतरला की मला ऑफिसात 'भुऱ्या बाहेर गेला' असा मेसेज येतो आणि वर आला की 'भुऱ्या आला' असा. महिनाअखेरीस त्याची हजेरी पूर्ण भरते. एवढी हजेरी बघून सी विंगमधल्या एका बाईंनी फोन करून विचारलं, तुमचा भुऱ्या सकाळी आमच्याकडे जमवील का आणि घेतो किती? मी सांगितलं, घेतो बरंच, पण भांडी चाटूनच देतो.

लिफ्टमध्ये भुऱ्या आता कोपऱ्यात बसतो. आम्ही दार उघडण्याआधी 'येऊ का?' असं विचारतो. कायद्यानं विचारायची गरज नाही आणि न विचारता आलेल्या कुत्र्याला शीळफाट्यावर कुणी जागा देत नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हातात जुनं वर्तमानपत्र असतं. विनंती करता येते, दंड लावता येत नाही, हे मला पाठ आहे. तरी वर्तमानपत्र असतंच.

ठराव अजून कागदावर यायचा आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून नोटीस लागली आहे: रविवारी सकाळी दहाला, क्लबहाऊसमध्ये. नोटिशीच्या तळाशी नेहमीचं वाक्य आहे, की गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासानं त्याच जागी भरेल आणि त्या सभेला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. तुमच्याही सोसायटीत कुत्र्याचा विषय अडकला असेल तर दहाला जाऊ नका, साडेदहाला जा.