वरून गेलं ते कोणतं?

न्यूझीलंडमधलं क्वीन्सटाउन शांततेसाठी प्रसिद्ध आहे, असं तिथे गोंगाट करायला येणारे सगळेच सांगतात. समोर वाकाटिपू सरोवर, पलीकडे रिमार्केबल्सची करवती डोंगररांग, आणि या देखाव्यात माणसं कावाराऊ नदीच्या पुलावरून पायाला दोर बांधून किंचाळत उड्या मारतात. पैसे भरून. हा उद्योग तिथे १९८८ पासून चालू आहे. शॉटओव्हर नदीच्या घळीत जेटबोटी खडकांना घासून जातात, तिथली किंचाळी आणखी वेगळी. सरोवरात १९१२ सालची, अजून कोळशावर चालणारी 'अर्नस्लॉ' आगबोट भोंगा देते. त्या भोंग्याला वारसा म्हणायचं असतं. यातल्या कशाबद्दलही आमच्या लेकीच्या गल्लीत कुणी चकार शब्द काढत नाही. गल्ली पेटून उठते ती फक्त हेलिकॉप्टरवर.

आणि मला नेमकं तेच आवडतं.

मी नाशिकरोडचा. नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये झाली. आमच्याकडे गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरची शाळा आहे, त्यामुळे चेतक आणि चीता ही आमच्या आळीतली माणसं असल्यासारखीच. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका बुडायला आणि छपरावरून चेतक जायला एकच गाठ पडायची. गुरुजी बोट वर करून थांबायचे, आवाज गांधीनगराकडे वळला की नौका पुढे बुडवायचे. तक्रार करावी असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. करायची तर कुणाकडे? लष्कराकडे?

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं क्वीन्सटाउनला गेलो, तेव्हा पहिल्या रात्री हिने खिडकी उघडून "किती शांत आहे हो!" असं म्हटलं आणि ती घोरायला लागली. मी टक्क जागा. पहाटे काळोखातच डोंगराआडून धपधप ऐकू आली आणि माझा डोळा लागला.

जन्मभर छपाईयंत्राजवळ उभा राहिलेला माणूस आवाजावरून मशीनचा आजार सांगतो. हेलिकॉप्टरचं तसंच आहे. दोन पात्यांचं रॉबिन्सन फटफट करत येतं, त्याचं पिस्टनचं इंजिन लपत नाही. स्क्विरलला तीन पाती आणि टर्बाइन, त्यामुळे धपधपीवर एक बारीक शिट्टी असते. स्क्विरल म्हणजे आमच्या चीत्याच्याच फ्रेंच घराण्यातली धाकटी, आवाजात माहेर कळतं. शेपटीचा पंखा गोल खोबणीत बसवलेलं ईसी-१३० मात्र फारच सोज्वळ, त्यात राम नाही. आणि खरी मजा हेलिकॉप्टर उतरताना. आधीच्या पात्याने मागे सोडलेला हवेचा भोवरा पुढच्या पात्याला आडवा येतो, तो कापताना जो फट् फट् आवाज होतो, त्यावर लोक सर्वांत जास्त चिडतात. मी त्यासाठी हातातला चहा खाली ठेवतो.

(जाता जाता सांगतो. चीत्याचा मूळ फ्रेंच अवतार 'लामा', तोही आपल्या लष्कराच्या गरजेवरून बेतलेला. १९७२ साली जाँ बुले यांनी तो १२,४४२ मीटर उंचीवर नेला. तिथे इंजिन बंद पडलं आणि बुले नुसत्या फिरत्या पात्यांवर तरंगत सुखरूप खाली आले. म्हणजे तक्रारवाल्यांना हवं तसं हेलिकॉप्टर जगात एकदा तरी उडालेलं आहे.)

तर मी कुंपणाशी खुर्ची टाकून वहीत नोंदी करू लागलो. वेळ, दिशा, प्रकार, पाती. ही म्हणाली, "अहो, लोक काय म्हणतील? नातू झालाय, त्याला घ्या जरा." नातवाला मांडीवर घेऊन मी नोंदी करू लागलो.

काही दिवसांनी लक्षात आलं, कुंपणापलीकडे शेजारबुवाही वहीत लिहीत असतात. तेही वर बघूनच. मला वाटलं, परदेशात समानधर्मा भेटला! लगबगीने वही पुढे केली. त्यांनी आपली दाखवली. वेळा अगदी मिनिटाला मिनिट जुळत होत्या, फक्त माझ्या वहीत 'शेरा' या रकान्यात "वा!" होतं आणि त्यांच्या वहीत "असह्य". ते नगरपालिकेकडे तक्रार करणार होते.

शेजारबुवांना माझ्या 'प्रकार' रकान्याचा मोह पडला. त्यांना सगळी हेलिकॉप्टरं सारखीच ऐकू यायची. त्यांनी विनंती केली, मी माझ्या नोंदी उतरवून दिल्या. लेकीने कपाळावर हात मारला. "बाबा, तुमच्या आवडीची वही तुम्ही फिर्यादीला दिलीत?" पण कुणी आपल्या ज्ञानाची कदर करतंय म्हटल्यावर निवृत्त माणूस काहीही देतो.

गंमत पुढेच झाली. चार पात्यांचं बीके-११७ जिथे जिथे मी लिहिलं होतं, तिथे ते अडले. ते बचावाचं हेलिकॉप्टर. कुणीतरी डोंगरात पाय मोडून पडलेला असतो, त्याच्याविरुद्ध तक्रार कशी करणार? त्यांनी त्या ओळी खोडल्या. मग पहाटेची उड्डाणं. ती गिब्स्टनच्या द्राक्षमळ्यांकडे जाणारी. वसंतात स्वच्छ रात्री थंड हवा जमिनीलगत साचते आणि वरच्या थरात उबदार हवा असते. हेलिकॉप्टर मळ्यावर घोंगावत ती ऊब खाली ढकलतं, नाहीतर कोवळे कोंब दहिवराने जळतात. शेजारबुवांना रोज संध्याकाळी गिब्स्टनचाच पिनो नुआर लागतो. त्याही ओळी गेल्या. पाऊस पडून गेल्यावर क्रॉमवेलकडे जाणारी हेलिकॉप्टरं चेरीच्या झाडांवरचं पाणी झटकायला जातात, कारण पाणी राहिलं की पिकलेली चेरी तडकते. तिथे शेजारबुवांच्या मेहुण्याची बाग. खोडलं.

"पूर्वी सोपं होतं," ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. "सगळेच गुन्हेगार होते."

मी विचारलं, एवढा राग का? तेव्हा कळलं, तरुणपणी ते स्वतः हेलिकॉप्टरवर कामाला होते. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी इथे लाल हरणं आणून सोडली. त्यांना खाणारं जनावर इथे नाही, त्यामुळे हरणांनी जंगलं फस्त केली. मग वरून गोळ्या घालून मारणं सुरू झालं आणि सत्तरच्या दशकात कुणाच्या तरी डोक्यात आलं की जिवंत पकडली तर पाळता येतील. या धंद्यातलं गाजलेलं नाव टिम वॉलिस, पुढे ते 'सर' झाले. जाळं फेकणारी बंदूक येईपर्यंत पकडायची रीत अशी, की उडत्या हेलिकॉप्टरमधून माणसाने थेट हरणाच्या पाठीवर उडी टाकायची. आमचे शेजारबुवा उडी टाकणाऱ्यांपैकी. मी त्यांच्याकडे नव्या आदराने पाहिलं. डावा कान तेव्हापासून कमी ऐकतो म्हणाले.

"मग तो आवाज चालला?"

"ते काम होतं. ही मौज आहे."

वाद घालावा असं मनात आलं होतं, पण माणसाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. शेवटी वहीत उरली ती मौजेचीच हेलिकॉप्टरं, मिलफर्ड साउंडकडे जाणारी. रस्त्याने चार तास लागतात, वरून पाऊण तासही नाही.

आता मला सांगायला हवं की आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला लेक-जावयाने आम्हा दोघांसाठी याच सफरीची तिकिटं काढली होती. मी आदल्या रात्री झोपलो नाही. इतकी वर्षं खालून ऐकलेला आवाज आता आतून ऐकायचा! आणि आत बसल्याबरोबर एका मुलीने कानांवर जाडजूड हेडफोन चढवला. बाहेरचा आवाज पार बंद, आत व्हायोलिन. मी तो जरा सरकवून बघितला तर ही म्हणाली, "अहो, नियम आहे ना, घाला गपचूप." हिमनदीवर उतरल्यावर वैमानिकाने इंजिन बंद केलं आणि भक्तिभावाने म्हणाला, "ऐका. काहीच ऐकू येत नाही." सगळ्यांनी डोळे मिटले. एवढ्या पैशांत मला दिवसभरात हेलिकॉप्टर काही ऐकायला मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारबुवा कुंपणाशी वही घेऊन हजर. "काल कुठे होतात? सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी छपराला लागून एक गेलं. या महिन्यातलं सगळ्यात वाईट. तुम्ही नव्हतात, प्रकार लिहायचा राहिला."

मी पेन घेऊन रकान्यात लिहिलं, 'स्क्विरल, पाती तीन.'

"न ऐकता कसं सांगता?"

"चढताना मोजली."

शेजारबुवांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि शेऱ्याच्या रकान्यात आमचा घर क्रमांक लिहिला.