सिलिकॉनराव

शिकागोच्या उपनगरांत तळघरवालं घर घेतलेल्या मराठी मंडळींत एक तरी सिलिकॉनराव सापडतोच. तळघराची खिडकी जमिनीच्या पातळीखाली, तिच्यासमोर खड्डा, आणि माती ढासळू नये म्हणून भिंतीला बोल्टांनी जखडलेलं पन्हळी पत्र्याचं अर्धगोल कडं. याला तिकडे विंडो वेल म्हणतात. वसंतात बर्फ वितळून वर पाऊस लागला की या खिडकीतून कार्पेटवर ओघळ येतो आणि राव सिलिकॉनची नळी उपसतात. निदान ठरलेलं: पत्रा गंजला, म्हणून पाणी आलं. मग तारेच्या ब्रशने घासणं, गंजरोधक रंगाचे दोन हात आणि पत्रा भिंतीला टेकतो त्या फटीत सिलिकॉनचा बोटभर जाड थर. मंडळाच्या गणपतीत प्रसादाची वाटी हातात धरून ते या उपचाराचं निरूपण करतात. वर, "अहो, एवढ्याशा कामाला कशाला बाहेरचा माणूस?"

पैसे वाचवायला कुणाची ना नाही. घोळ आहे तो आधी काय आणि नंतर काय यात. जस्ताचा मुलामा स्वतः झिजून आतलं पोलाद वाचवतो, आणि ओली माती व कुजका पाचोळा चिकटून राहतो त्या तळच्या पट्ट्यात तो आधी संपतो. म्हणजे पाणी अगोदर साचलं, गंज मागाहून चढला. राव विचारतील, पत्र्याला भोक पडलं की माती आत घुसते, खडी तुंबते, मग गंज निर्दोष कसा? निर्दोष नाहीच, असा पत्रा बदलायलाच हवा. पण त्याच चिखलात नवा पत्रा ठोकणं म्हणजे बदलणं नव्हे. खोदण्याआधी 811 ला फोन करून गॅसच्या आणि विजेच्या लाइनी कुठून जातात ते आखून घ्यायचं. गाळाने भरलेली खडी उपसायची, पायाच्या निचऱ्याला जोडलेली उभी नळी मोकळी करायची, नवी खडी खिडकीच्या चौकटीखालीच थांबवायची. कड्याचा काठ जमिनीच्या चार बोटं वर हवा आणि भिंतीपासून पहिल्या 10 फुटांत जमिनीला 6 इंच उतार. शिवाय छपराचं पाणी उतरवणारा पाइप त्या खड्ड्यापाशी सोडलेला नको. रावांकडे तो नेमका तिथेच असतो. राहिलं सिलिकॉन. तिकडची चिकणमाती गोठली की फुगते, कडं भिंतीपासून ओढते आणि तो थर सुटतो.

यावर रावांचा हुकमी एक्का म्हणजे प्लास्टिकचं कडं. ते गंजत नाही हे खरं, पण तुंबलेल्या निचऱ्यावर बसवलं तर पाणी न गंजलेल्या कड्यात साचतं, एवढाच फरक. पारदर्शक झाकण मात्र चांगलं. पाऊस आणि पाचोळा अडवतं, जमिनीतून झिरपणारं पाणी सोडून. फक्त तळघरात झोपायची खोली असेल तर आग लागल्यावर ती खिडकी हीच बाहेर पडायची वाट, म्हणून झाकण आतून, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. रावांनी त्याच्याही कडेने सिलिकॉन फिरवलेलं असतं, आणि उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या सासूबाईंचा पलंग त्याच खोलीत.