पथ्यकाकू

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कोणी दवाखान्यातून घरी आलं की बाकीचे विचारतात, "काय झालं होतं?" पथ्यकाकू विचारतात, "खायला काय सांगितलंय?" प्रश्न ऐकायला सभ्य वाटतो, पण तसा तो नाही. पहिल्या प्रश्नाला थाप मारता येते. दुसऱ्याला माणूस बेसावधपणे खरं सांगून जातो, आणि काकूंना तेवढं पुरतं.

पूर्वी काकूंचं काम सोपं होतं. कावीळ, टायफॉइड, अपेंडिक्स, बाळंतपण. ज्याचं त्याचं पथ्य ठरलेलं. हल्ली लोक धडधाकट असताना, पदरचे पैसे मोजून, रजा टाकून ऑपरेशन करून घेतात आणि वर ते लपवतात. पापण्या उचलून आलेले एक गृहस्थ 'दाढ काढली' म्हणून सांगत होते आणि संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये गॉगल लावून बसले होते. काकूंनी समोर कुरडया ठेवल्या. गृहस्थांनी दोन्ही बाजूंनी कुडुमकुडुम चावून ताटली संपवली. जिना उतरताना काकू एवढंच म्हणाल्या, "तोंडात सगळं जागच्या जागी आहे."

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पोट सपाट करून घेतलं आणि 'हर्निया' जाहीर केला. काकूंनी तो मान्यही केला असता, पण हर्नियासाठी कोणी दोन महिने आधी नवी जीन्स आणून ठेवत नाही. तरी काकू भांडल्या नाहीत. त्यांच्या लेखी बाईच्या पोटाला टाके म्हणजे बाळंतीण, बाकी तपशील डॉक्टरांचे. दुसऱ्याच दिवशी डिंकाचे लाडू हजर, तिसऱ्या दिवशी अळिवाची खीर. डॉक्टरांनी जे एवढे पैसे घेऊन काढून टाकलं, ते काकू वाटीवाटीने फुकट परत घालत होत्या.

मग वहिनींच्या नवऱ्याने धीर करून डॉक्टरांचा कागद दाखवला. काकूंनी चष्मा पुसून तो वाचला. जखम भरायला दर जेवणात प्रथिनं हवीत. सूज उतरायला मीठ बेताचं. पाणी भरपूर, आणि चोथा असलेलं खाणं, कारण दुखणं थांबवायच्या जोरदार गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि पोटावर ताजे टाके असताना कुंथून चालत नाही. "यात नवीन काय आहे?" काकू म्हणाल्या. "मुगाचं धिरडं, अंडं, पालकाचं वरण, रात्री भिजवलेले अंजीर. एवढं सांगायला फी घेतली?" लाडू परत गेले, हे मात्र खरं.

भांडण झालं ते 'क' जीवनसत्त्वावरून. नवी कातडी धरायला शरीराला जे कोलॅजन बनवावं लागतं, ते त्याच्याशिवाय नीट बनत नाही. म्हणून कागदावर पेरू, संत्रं, लिंबू, आवळा. काकूंचा सिद्धांत असा की आंबटाने टाके पिकतात. अर्धा तास खल झाला. शेवटी तोडगा काकूंनीच काढला: आवळा तुरट, त्याचा मोरावळा गोड, तेव्हा मोरावळ्यात आंबट उरलंच कुठे? पेरूला तिखटमीठ न लावण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. लिंबाला नाही.

काकूंना हसण्याआधी एक लक्षात घ्यावं. तुटलेलं नाक नव्या कातडीने घडवण्याची रीत सांगणाऱ्या सुश्रुतानेही जखमी माणसाला आंबट, उडीद, तीळ, दही वर्ज्य सांगितलं आहे आणि मूग, तांदुळजा, जुन्या तांदळाचा मऊ भात पथ्याचा मानला आहे. यातला भात काकूंना मुळीच मान्य नाही. भाताने पू होतो. सुश्रुत असला म्हणून काय झालं!

काकूंची खरी कर्तबगारी दिसली ती केळवणात. 'क' विंगमधल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. महिन्याभरापूर्वी तिचं 'सायनसचं ऑपरेशन' झालं होतं. काकूंनी तिला केळवणाला बोलावलं. पाटाभोवती रांगोळी, ताटाला महिरप; डावीकडे मीठ, लिंबू, लोणचं, पंचामृत, पापड, मिरगुंड, उजवीकडे अळूची भाजी, बटाट्याची भाजी, मध्ये वरणभाताची मूद. मुलगी औक्षणाला बसली तेव्हाच काकूंनी पाहिलं, की जन्माची चष्मेवाली आज लेन्स लावून आली आहे. जेवताना तिने पापड बाजूला सारला. मिरगुंडाला हात लावला नाही. वरणभात, वर तूप, तोही चमच्याने, ओठ जेमतेम उघडून. वाढणाऱ्या आत्याने होणाऱ्या नवऱ्याचं नाव घ्यायचा आग्रह केला, सगळ्या खिदळल्या. मुलगी फक्त डोळ्यांनी हसली. मीठ तर तिने पानाबाहेरच काढून ठेवलं.

काकूंनी तिच्या आईला स्वयंपाकघरात घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सायनसला पापड चालतो गं. चावायचं नाही, ओठ ताणायचा नाही, नाकावर चष्म्याचं ओझं नको, मीठ नको. नाक छान झालंय. शेंड्याची सूज उतरायला वेळ लागतो म्हणतात. मला आधी सांगितलं असतंस तर पुरी केलीच नसती." आईच्या हातातली पळी कढीतच राहिली.

काकू हे कोणाला सांगत नाहीत, याची त्यांना फार घमेंड आहे. तोंडाने सांगत नाहीतच. पण दुसऱ्या दिवशी त्या स्टीलचा डबा घेऊन 'क' विंगकडे निघाल्या. लिफ्टमध्ये कोणीतरी विचारलं, "काय केलंत आज?" काकू म्हणाल्या, "मुगाचं कढण, बिनमिठाचं." सोसायटीला आता ही लिपी येते. बिनमिठाचं कढण म्हणजे चेहरा. अंजीर-इसबगोल म्हणजे जोरदार गोळ्या, म्हणजे काम मोठं. नुसता दहीभात म्हणजे खरोखरच आजारी, बिचारा.

मी काकूंना एकदा पुण्याचीच जुनी हकीकत सांगितली. इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती लागला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ विटा भाजणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. हे पाहिलेल्या इंग्रजांचं वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये चित्रासह छापून आलं आणि ते वाचून पुढे तिकडच्या सर्जनांनी नाकं बसवायला घेतली. आपल्या गावाचं नाव झालं वगैरे मी बोलत होतो. त्या वर्णनात सांध्यावर चार दिवस पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या आणि मग तुपात भिजवलेल्या चिंध्या लावल्याचं आहे, हे ऐकून काकू सरसावल्या. "तूप! बघ. आणि पोटात काय दिलं?" ते त्यात नाही म्हटल्यावर त्यांचा इंग्रजांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

मध्यंतरी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, की वरच्या पापण्या फार उतरल्यात, बाजूचं दिसण्यात अडथळा येतोय, छोटं ऑपरेशन करून घ्या. सुनेने तिथेच भीतभीत विषय पुढे नेला. काकूंनी किती टाके, किती खर्च, भूल कसली, काही विचारलं नाही. पथ्य विचारलं. ऑपरेशनआधी पंधरा दिवस लसणीच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद, त्याने रक्त पातळ होतं. नंतर मीठ कमी, खाली वाकायचं नाही. डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात करू, नातवंडांना सुट्टी असते. "मेमध्ये? कैऱ्या फोडायच्या दिवसांत मीठ कमी आणि विळीवर वाकायचं नाही?" काकू उठल्याच. डॉक्टरांनी समजावलं, की गोळ्या बंद, फोडणीतली लसूण चालेल. काकूंना ते पटलं नाही. लसूण ती लसूण. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि तिथूनच तारीख देऊन आल्या: चातुर्मासात करा, कांदालसूण तसाही बंदच असतो.