साडेबारा पौंड

नानांनी बारा सिलिंडरची जॅग्वार घेतली ती पैसे वाचावेत म्हणून. हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला. मग नानांच्या तावडीत सापडून अर्ध्या तासाने सुटला, तेव्हा तो मनातल्या मनात आपल्या गाडीचा हिशोब करत होता. नानांचा वेडेपणा नेहमी आकड्यांत मांडलेला असतो आणि त्यांची बेरीज कधी चुकत नाही, हीच खरी पंचाईत आहे.

उधळ्या माणूस लांबूनही ओळखू येतो. काटकसरीने उधळणारा ओळखू येत नाही. लंडनच्या मराठी वस्तीत, हॅरोपासून हन्सलोपर्यंत, अशा नानांची एक जमातच आहे. कुणाच्या दारात एमजीबी जीटी उभी असते, कुणाच्या दारात पोर्शे ९४४, कुणाकडे एखादी जुनी मर्सिडीज एसएल. वय पन्नाशीच्या पुढे, घराचं कर्ज फिटत आलेलं, पोरगा जीसीएसईला, आणि रात्री अकरानंतर लॅपटॉपवर जुन्या गाड्यांचे फोटो. बायको खोलीत आली की पडद्यावर ताबडतोब पेन्शनचा तक्ता. बाकीचे नवरे या वयात मॅरेथॉन पळतात. माझ्या मते गाडी बरी. निदान गुडघे शाबूत राहतात.

आमच्या केंटनच्या नानांचा हिशोब असा. २९ ऑगस्ट २०२३ला यूलेझची, म्हणजे लंडनच्या धूरकराची हद्द सगळ्या उपनगरांपर्यंत आली. नानांची डिझेल गाडी २०१३ची, त्यामुळे रस्त्यावर आणली की दिवसाचे साडेबारा पौंड. देवळात जा, साडेबारा. नुसतं दूध आणा, साडेबारा. वहिनींनी सरळ उपाय सुचवला. महापौर तेव्हा असली गाडी भंगारात काढणाऱ्याला दोन हजार पौंड देत होते. ते घ्यावेत, आणि २००६ नंतरची एखादी लहान पेट्रोल गाडी बघावी, तिला कर नाही.

"चालती गाडी भंगारात?" नाना हादरले. "अगं, आमच्या चिंचवडच्या घरी फुटकी बादलीसुद्धा तुळस लावायला ठेवतात."

मग त्यांना तो नियम सापडला. चाळीस वर्षांवरची गाडी 'ऐतिहासिक' वर्गात नोंदवली की यूलेझ माफ, रोड टॅक्स माफ, आणि गाडीत फार मोठे बदल केले नसतील तर दरवर्षीची एमओटी तपासणीही माफ. म्हणजे दहा वर्षांचं लहानसं डिझेल इंजिन हवा बिघडवतं, आणि चाळिशी उलटलेलं ५.३ लिटरचं इंजिन देशाचा वारसा ठरतं. या नियमाला हसायचं की नाही ते वाचकांनी ठरवावं. नाना हसले नाहीत. त्यांनी एक्सेल उघडलं.

त्या तक्त्यात 'बचत' नावाचा एक रकाना आहे. जॅग्वार घराबाहेर पडली की त्यात साडेबारा पौंड जमा होतात. त्यामुळे गाडी जितकी जास्त फिरेल तितके नाना श्रीमंत होत जातात. पेट्रोलचा रकाना आहे, पण तो वेगळ्या शीटवर. वहिनींनी एकदा विचारलं, "दोन्ही एकाच पानावर का नाहीत?" तर म्हणे, "हेड वेगळे आहेत."

गाडी एक्सजे-एस, १९८२ची. तिच्यावर नानांचा दुसरा, भावनिक हक्कही आहे. टाटांनी २००८ साली फोर्डकडून जॅग्वार घेतली, आणि नानांचे वडील पिंपरीला टेल्कोत होते. "तशी घरचीच गाडी आहे," नाना म्हणतात. ही गाडी कॉव्हेंट्रीत ब्राउन्स लेनच्या कारखान्यात जुळत होती तेव्हा जॅग्वार ब्रिटिश लेलँडच्या एकत्र कुटुंबात नांदत होती आणि नानांचे वडील ट्रकच्या चॅसिसला नटबोल्ट आवळत होते, हे सांगून काही उपयोग होत नाही. नात्यातल्या माणसाशी कुळावरून वाद घालू नये.

विकणारा सरे परगण्यातला एक निवृत्त साहेब होता. गाडी फक्त रविवारी काढायचो, म्हणाला. हे सगळेच विकणारे म्हणतात, आणि या देशात रविवारी पाऊस असतो हे कुणी लक्षात घेत नाही. जुन्या गाडीचा पत्रा कुठे खरा आणि कुठे नुसती पुट्टी हे बघायला लोहचुंबक लागतं. नानांनी फ्रिजवरचं नेलं होतं, शनिवारवाड्याचं. पुढच्या चाकामागे शनिवारवाडा चिकटला. दारावर चिकटला. मागच्या चाकाच्या अलीकडे मात्र कोसळला. साहेबाने कौतुकाने विचारलं, "हा कुठला किल्ला?" नानांनी त्याला पेशवाईचा इतिहास सांगितला, दोन कप चहा घेतला, आणि वाडा जितक्यांदा पडला तितक्यांदा किंमत पाडून मागितली. तो माणूस शेवटी किमतीला कंटाळला की इतिहासाला, कळलं नाही.

गाडी सुंदर आहे, यात वाद नाही. म्हणजे आज नाही. १९७५ साली ती आली तेव्हा ई-टाइपच्या जागी हे काय आणून ठेवलं म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी उतरत गेलेले ते पत्र्याचे पाख तर तेव्हा फारच खटकले. आता त्याच पाखांचे लोक फोटो काढतात. चाळीस वर्षं तग धरली की तिरळेपणालाही नजाकत म्हणतात.

पण खरी गंमत बॉनेटखाली. बारा सिलिंडर, आणि ते एकमेकांशी भांडत नाहीत. बारभाईंच्या कारभाराला नावं ठेवणाऱ्यांनी हे इंजिन ऐकावं. स्विस इंजिनिअर मायकेल मे यांनी सुचवलेली सिलिंडर हेडची रचना १९८१मध्ये यात आली, पेट्रोल कमी लागावं म्हणून. या हेडचं कॉम्प्रेशन साडेबारास एक. हा आकडा वाचल्यावर नानांना साक्षात्कार झाला. साडेबारा तिकडे, साडेबारा इकडे! पाहुणे आले की चालू इंजिनावर पौंडाचं नाणं कडेवर उभं करून दाखवायचा त्यांचा परिपाठ आहे. नाणं हलत नाही. वहिनींनी एकदा निदर्शनास आणलं की २०१७पासूनचं पौंडाचं नाणं बारा बाजूंचं आहे, ते धुणं पिळणाऱ्या वॉशिंग मशीनवरही उभं राहील. तेव्हापासून नाना जुना गोल रुपया वापरतात.

ग्रँड टूरर ही गाडी कशासाठी असते? सकाळी कॅलेला बोटीतून उतरावं, सामान मागे टाकावं, आणि हजारभर किलोमीटर न दमता तोडून रात्रीचं जेवण नीसच्या समुद्रकाठी घ्यावं, यासाठी. नाना तिला कोथिंबिरीला नेतात. केंटनहून वेम्बलीच्या ईलिंग रोडपर्यंत. इंजिनात तेलच जवळजवळ दहा लिटर, ते तापायला लागतं न लागतं तोच भाजीवाला येतो. सिग्नल, बस, झेब्रा, पुन्हा सिग्नल. या वाटेवर ती लिटरला चार किलोमीटर देते, तेही मूड असेल तर. पेट्रोलही साधं चालत नाही. २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही, म्हणून महागातलं सुपर. ॲव्हरेज विचारलं की नाना म्हणतात, "कोथिंबिरीला कधी कुणी ॲव्हरेज विचारतं का?"

पार्किंग हा स्वतंत्र अध्याय आहे. सुपरमार्केटची जागा ४.८ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद, गाडी पावणेपाच मीटरच्या वर. लांबीत मावते, पण दोनच दारं असल्याने एकेक दार वाड्याच्या दिंडीदरवाजाएवढं, ते शेजारच्या गाडीला न लागता उघडत नाही. म्हणून नाना सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गाडी लावतात आणि तिथून पिशव्या घेऊन पावसात चालत येतात. बसने आलेल्यांना कमी चालावं लागतं.

मागची सीट आहे, कागदोपत्री. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या तेव्हा नाना त्यांना आणायला हीच गाडी घेऊन हीथ्रोला गेले. डिकीत स्टेपनी उभी ठेवलेली असते, त्यामुळे एका बॅगेच्या वर काही मावेना. दुसरी बॅग पुढच्या सीटवर बसली, कारण तिच्यात भाजणी आणि लोणच्याची बरणी होती आणि ती आडवी करायची नव्हती. सासूबाई मागे. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, गाडी अगदी राजेशाही आहे हो. फक्त पाय कुठे ठेवायचे असतात?" नानांनी त्यांना मायकेल मे समजावून सांगितले. माउली घरापर्यंत मांडी घालून आली. दुसऱ्या दिवसापासून त्या ट्यूबने हिंडू लागल्या आणि आता त्यांना ज्युबिली लाइनची स्टेशनं पाठ आहेत.

रेल्वेच्या कमानीखाली गॅरेज थाटलेला एक म्हातारा मेकॅनिक हा नानांचा सध्याचा गुरू. बॉनेट उघडलं की तो दातांतून हवा आत ओढतो. ती किती वेळ ओढली यावरून नाना खर्चाचा अंदाज बांधतात. प्लग बारा. त्यातले पुढचे एसीच्या कॉम्प्रेसरखाली दडलेले, म्हणून प्लग बदलायला आधी भलतंच काही सोडवावं लागतं. मागचे ब्रेक चाकांपाशी नाहीत, मध्यभागी डिफरन्शियलला खेटून आहेत. "वजन स्प्रिंगच्या वर राहतं, म्हणून गाडी अशी तरंगते," नाना अभिमानाने सांगतात. ते ब्रेक काढायचे म्हणजे मागचा सगळा सांगाडा खाली घ्यायचा, हे म्हातारा सांगतो, अभिमान त्याच्याही आवाजात असतो. एमओटी माफ असूनही नाना दरवर्षी गाडी आपणहून तपासून घेतात. या एका गोष्टीसाठी त्यांना मी शहाण्यांत धरतो. ब्रेक चाळीस वर्षांचे असले तरी समोरचं पोर आजचं असतं.

आता डिझेल गाडी. ती गेली असं तुम्हाला वाटलं असेल. नाही. ऐतिहासिक गाडीचा इन्शुरन्स स्वस्त असतो, तोही बचतीच्या रकान्यात आहे. पण अशा बऱ्याच पॉलिसींना एक अट असते: मैल मर्यादित, आणि घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी पाहिजे. तेव्हा रोजची म्हणून घेतलेली जॅग्वार रस्त्यावर यावी यासाठी रोजची डिझेल दारात उभी आहे. तिचा टॅक्स चालू, इन्शुरन्स चालू, एमओटीही चालू, आणि त्या एमओटीला न्यायची म्हणजे साडेबारा पौंड.

यूलेझ वर्षातून एकच दिवस बंद असतो, २५ डिसेंबर. त्या दिवशी नाना डिझेल गाडी बाहेर काढतात. रिकाम्या लंडनमधून, बंद दुकानांसमोरून, सगळ्या कुटुंबाला सक्तीने चक्कर. सासूबाईंना मागच्या सीटवर पाय लांब करता येतात. "किती छान गाडी आहे ही," त्या म्हणाल्या, "हीच का नाही वापरत?"

परवा वहिनींनी पुन्हा विषय काढला, हिला एकदाची विकून टाका म्हणून. नानांनी एक्सेलचं नवं शीट दाखवलं. २०१३ची गाडी, वर्षं चाळीस, सवलत लागू होते पुढच्या एप्रिलपासून. आणखी थोडाच धीर धरायचा, मग तीही माफ. तारीख पिवळ्या रंगात होती: १ एप्रिल २०५४. वहिनी बराच वेळ हसल्या. नाना त्यांना विचारत राहिले की बेरजेत नक्की काय चुकलंय.