वॅटोपासक

शहरी मध्यमवर्गाच्या अनेक पोटजातींपैकी वॅटोपासक ही एक चिवट पोटजात असून, ती पुण्याच्या तापकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिवाळीच्या सवलतींच्या दिवसांत कोणत्याही गावच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात हमखास आढळते. दुकानात शिरल्यावर हा गृहस्थ एखादे गाणे लावून दाखवा असे चुकूनही म्हणत नाही; तो खोक्यावरचा आकडा वाचतो, शेजारच्या खोक्यावरचा आकडा वाचतो आणि मोठ्या आकड्याचे खोके, भरपूर घासाघीस करून, विजयी मुद्रेने रिक्षात घालतो. त्याचे संगीताशी वैर नसते. मात्र चारचौघांत छाती फुगवून सांगता येईल अशी संगीतातली एकमेव गोष्ट म्हणजे वॅट, यावर त्याची अढळ श्रद्धा असते.

वस्तुतः वॅट हे शक्तीचे एकक असून, अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे क्षीण विद्युतसंकेत वाढवून स्पीकरला चालवणारे यंत्र, स्पीकरला दर सेकंदाला किती ऊर्जा पुरवू शकते एवढेच ते सांगते. त्या ऊर्जेतून गायिकेचा गळा ऐकू येईल की नुसता गोंगाट, याविषयी ते चकार शब्द काढत नाही. त्यातही खोक्यावरचे ‘5000 वॅट’ बहुधा पीएमपीओ, म्हणजे क्षणभरासाठी कल्पिलेला आणि मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नसलेला उच्चांक असतो, तर सातत्याने देता येणारी शक्ती ‘आरएमएस’ या नावाखाली, भिंग लावून वाचावी लागेल अशा अक्षरांत छापलेली असते. अशा फुगवलेल्या आकड्यांना आवर घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला 1974 मध्ये स्वतंत्र नियम करावा लागला होता. वॅटोपासकाच्या यंत्राच्या पाठीवर, जिथे फक्त धूळ पोहोचते तिथे, ‘230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 60 वॅट’ अशी पट्टी चिकटवलेली असते. भिंतीतून 60 वॅट घेऊन 5000 वॅट देणारे, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडीत काढणारे यंत्र आपल्या दिवाणखान्यात नांदते आहे याची त्याला गंधवार्ता नसते, आणि असती तर त्याचेही श्रेय त्याने स्वतःच्या घासाघिशीलाच दिले असते.

शेजाऱ्याने खरोखरचा 50 वॅटचा संच आणला की हा 100 वॅटचा आणतो. परंतु वॅट दुप्पट केल्याने ध्वनीची पातळी केवळ 3 डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे शेजाऱ्यावरचा हा विजय खर्चाच्या वहीत स्पष्ट दिसला तरी कानाला जेमतेम जाणवतो. याउलट, एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज करतो, ही त्याची संवेदनशीलता, कोणी विचारातच घेत नाही. 84 डेसिबलचा स्पीकर 100 वॅट खाऊन जेवढा आवाज देतो, तेवढा 94 डेसिबलचा स्पीकर 10 वॅटांत देतो. राखीव शक्ती अगदीच निरुपयोगी असते असे नाही, कारण तबल्याची थाप क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट शक्ती मागते आणि ती न मिळाल्यास ध्वनिलहरींची शिखरे छाटली जाऊन आवाज फाटतो. मात्र रोजच्या ऐकण्याला पुष्कळदा एक-दोन वॅट पुरतात.

या सर्वांवर कडी करते ती त्याची मांडणी. एक स्पीकर कपाटावर, छताला टेकून. दुसरा शोकेसमध्ये, मुलांच्या ढालींना खेटून, कोपऱ्यात. कोपऱ्यातला स्पीकर खर्जाचे स्वर फुगवतो. समोरासमोरच्या भिंतींत 3 मीटर अंतर असले की सुमारे 57 हर्ट्झचा स्वर खोली स्वतःच उचलून धरते. आणि गुळगुळीत फरशी उरलेसुरले शब्द घुमवून टाकते. शोकेसची काच थरथरू लागली की वॅटोपासक पाहुण्यांकडे पाहून अभिमानाने ‘बेस!’ म्हणतो, आणि स्वयंपाकघरातून ‘अहो, शब्द तरी कळू द्या जरा!’ अशी जी समीक्षा येते, ती 5000 वॅटांत विरून जाते.

अशा घरात एखादा जाणकार भाचा सुटीला येतो, दोन्ही स्पीकर शोकेस-कपाटावरून उतरवून, भिंतीपासून हातभर पुढे, बसणाऱ्याच्या कानांच्या उंचीवर ठेवतो, फरशीवर सतरंजी अंथरतो, बेसचे बटण निम्म्यावर आणतो आणि तेच जुने गाणे पुन्हा लावतो. शब्द सुटे होतात, तानपुरा ऐकू येऊ लागतो, स्वयंपाकघरातील समीक्षक पदराला हात पुसत बाहेर येऊन बसतात. वॅटोपासकही भारावतो, फरक मोकळ्या मनाने मान्य करतो आणि गाणे संपताच भाच्याच्या पाठीवर थाप मारून विचारतो, “वा! पण एकूण किती वॅट वाढले रे?”