दोन दिवसांची सक्तमजुरी

इंग्रज सरकारला एखाद्या माणसाला स्वस्थ बसवायचे असले की ते त्याला रत्नागिरीला धाडत असे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1885 मध्ये मंडालेत पकडला गेला, मद्रासमार्गे 1886 मध्ये इथे आणला गेला आणि 1916 मध्ये इथेच वारला. तब्बल तीस वर्षे. सावरकरांना 1924 मध्ये तुरुंगातून सोडले तेही रत्नागिरी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, या अटीवर. ती अट उठायला 1937 उजाडले. पुढे समुद्र, पाठीशी सह्याद्री आणि मध्ये नुसत्या खाड्या नि चढउतार. इथे आणून सोडलेला माणूस पळून पळून जाणार कुठे? सरकार परके असले तरी त्याचा भूगोल पक्का होता.

हल्ली मात्र दर शनिवारी भल्या पहाटे कोकणकन्या एक्स्प्रेसमधून निराळेच कैदी उतरतात. यांना कोणी शिक्षा ठोठावलेली नसते. दोन दिवसांची सक्तमजुरी त्यांनी स्वतःच स्वतःला फर्मावलेली असते आणि त्याचे पैसेही स्वतःच आगाऊ भरलेले असतात. या कैद्यांना ‘ॲक्टिव्ह कपल’ म्हणतात.

ओळखायला सोपे. दोघांच्या पायांत अंधारातही दिसतील असे बूट, दोघांच्या मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ, पाठीवर सॅक आणि सॅकमधून तोंडापर्यंत आलेली पाण्याची नळी. आपले स्टेशन कुवारबावला, गावापासून बरेच अलीकडे. बाहेर रिक्षावाले उभेच असतात. “मारुती मंदिर की बाजार, साहेब?” “नको, चालत जाणार आहोत.” रिक्षावाल्याला वाटते, गिऱ्हाईक घासाघीस करते आहे. तो दहा रुपये कमी करतो. ते हसतात. तो आणखी दहा उतरतो. ते चालू लागतात. आमच्या रिक्षावाल्यांच्या आयुष्यात इतके कसलेले गिऱ्हाईक पूर्वी आले नव्हते. आता येतात, आणि हे घासाघीस करत नाहीत, खरोखरच चालत जातात, हे पचवायला त्या बिचाऱ्यांना एक अख्खा मोसम लागला.

(महामार्गाने का येत नाहीत, असे विचारू नये. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशक उलटून गेले तरी चालू आहे. तिकडून निघाले असते तर सगळा व्यायाम गाडीत बसल्या बसल्याच झाला असता आणि शनिवार-रविवार पेण ते माणगाव यांच्या दरम्यान कुठेतरी साजरा झाला असता.)

दोन दिवसांचा तक्ता तिने आधीच करून त्याला पाठवलेला असतो. त्यात साडेसहा ते आठ रत्नदुर्ग, आठ दहा ते साडेआठ न्याहारी, नऊ ते सव्वानऊ लोकमान्य टिळक, अशी रकाने पाडून विभागणी. लोकमान्यांच्या वाट्याला पंधरा मिनिटे. टिळक आळीतल्या त्या घरात 23 जुलै 1856 रोजी टिळक जन्मले, एवढे बाहेरच्या पाटीवर वाचून दोघे उंबऱ्याशीच पोटऱ्या ताणतात आणि निघतात. आम्हाला यात रागावण्यासारखे काही नाही. खुद्द टिळकही दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीबरोबर पुण्याला निघून गेले होते. रत्नागिरी लवकर आटोपण्याची परंपरा जुनीच आहे.

रत्नदुर्ग मात्र यांना मनापासून आवडतो. घोड्याच्या नालासारखा पसरलेला किल्ला, तीन अंगांना समुद्र, शिवाजी महाराजांनी 1670 मध्ये घेतलेला, वर भगवतीचे देऊळ, एका टोकाला दीपस्तंभ. हे आम्ही सांगतो. त्यांना आवडतो त्याचा चढ. तटावर उभे राहिले की एका बाजूला मिरकरवाड्याच्या बंदरात दाटीवाटीने उभ्या असलेल्या होड्या दिसतात आणि वारा बरोबर असला तर लिलावाचा कालवासुद्धा ऐकू येतो. उत्तरेला पांढऱ्या वाळूचा समुद्र आणि दक्षिणेला मांडवीच्या काळ्या वाळूचा. एकाच गावाला दोन रंगांचे किनारे हे नवल आम्ही पाहुण्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाखवत आलो. या पाहुण्यांना फक्त विचारायचे असते की, पळायला कुठली वाळू बरी?

“अगं चल, पल्स खाली येतोय,” असे तो म्हणतो. भगवतीच्या दारात कोणी कोणाला असे म्हणाल्याची नोंद पूर्वी नसावी.

बाजारातून वरच्या अंगाला जाणाऱ्या एका पाखाडीवर मी हे दोघे जवळून पाहिले. जांभ्याचे चिरे एकाआड एक झिजलेले, दोन्हीकडे गडगे, गडग्यांवर वाळलेले शेवाळ. ती कंबरेवर हात ठेवून उभी आणि घड्याळ पीं पीं करत तिचे अभिनंदन करत होते. तेवढ्यात खालून एक मासेवाली आली, साठीची तरी असेल. डोक्यावर पाटी, पाटीत बांगडे, त्यावर केळीचे पान, पायांत रबरी चप्पल. ती मधेच थांबली नाही की तिला धाप लागली नाही. हिला राहवेना. “मावशी, तुम्ही रोज किती चालता हो?” मावशी मान न वळवता म्हणाली, “मासे संपतील तवर.” आणि वळणावरून दिसेनाशीसुद्धा झाली. उत्तर कुठल्या रकान्यात भरावे, हे बराच वेळ ठरेना.

न्याहारीची वेगळीच तऱ्हा. घावन पुढ्यात आल्यावर ‘ग्लूटेन नाही ना?’ अशी चौकशी होते. खाणावळवाल्या वहिनी म्हणतात, “नाही हो, आम्ही तसलं काही घालत नाही. तांदूळ आणि मीठ.” ऐकून दोघांचे चेहरे उजळतात. मग कोकम सरबताला इलेक्ट्रोलाइट म्हणतात, सुरमईला प्रोटीन म्हणतात आणि मोदकाला ‘आज चीट डे’ म्हणून दोघांत एक घेतात. उकडीचा मोदक, वर तुपाची धार, आणि दोघांत एक! काळ्या पाण्यावरचे हाल आम्ही वाचले आहेत. त्यांत हे नव्हते.

दुपारी पतितपावन मंदिर. सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने उभे राहिलेले, 1931 मध्ये सगळ्या हिंदूंना जातपात न विचारता आत घेणारे देऊळ. इथे येऊन थोडा वेळ बसावे आणि जिल्ह्याबाहेर जायला बंदी असलेल्या माणसाने तेरा वर्षांत काय काय उद्योग केले याचा विचार करावा, असे मला वाटते. पण बसणे तक्त्यात नाही. एक तास बसले तर मनगटावरचे घड्याळच ‘उठा’ म्हणून हलते. इंग्रजांच्या पहारेकऱ्याचीसुद्धा एवढी नजर नव्हती.

आणि मग थिबा पॅलेस. जांभ्या दगडाची तीन मजली वास्तू, अर्धगोल खिडक्या, त्यांना रंगीत काचा, उंचावरून भाट्याच्या खाडीवर नजर. राजासाठी हा वाडा 1910 मध्ये बांधून झाला. तोपर्यंत बिचाऱ्याची चोवीस वर्षे भाड्याच्या बंगल्यांत गेली होती आणि नव्या वाड्याचे सुख जेमतेम सहा वर्षे लाभले. सरकारी बांधकामाला लागणाऱ्या वेळेबाबत इंग्रज आणि आपण यांत फारसा फरक नाही, हे यातून दिसते. आत संग्रहालय आहे. आमचे जोडपे जिना दोनदा चढून उतरते. दुसऱ्यांदा काही राहिले म्हणून नव्हे, मजले मोजले जातात म्हणून.

थिबाची समाधीही याच गावात आहे. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले. राजाची थोरली मुलगी नंतर रत्नागिरीलाच परतली आणि तिची लेक इथलीच झाली, इथल्यासारखीच मराठी बोलू लागली. मंडालेच्या सिंहासनापासून रत्नागिरीच्या आळीपर्यंतचा हा प्रवास ऐकायला कोणाही शेजारच्या म्हाताऱ्याजवळ अर्धा तास टेकावे लागते. पण समाधी वस्तीत, सपाटीवर, चढ नाही. तक्त्यातून गळते.

सूर्यास्त तेवढा यांच्या हातात नसतो. थिबा पॉइंटवर दोघे दहा मिनिटे आधी पोहोचतात आणि सूर्य अजून वरच असतो. ही दहा मिनिटे म्हणजे खरी शिक्षा. काय करावे सुचेना, तेव्हा दोघे कठड्याजवळ चटई अंथरून कोपरांवर शरीर तोलून पालथे होतात. शेंगदाणेवाल्या पोराला वाटले, काहीतरी पडले म्हणून शोधतायत. तोही वाकून शोधू लागला.

रात्रीचा किस्सा हॉटेलच्या वॉचमनने सांगितला. अकरा वाजून गेले तरी एक साहेब वऱ्हांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालतायत. याने विचारले, “साहेब, काही हरवलंय का?” साहेब म्हणाले, “नाही, मॅडमची पावलं माझ्यापेक्षा दोनशेनं जास्त झालीत.” वॉचमन समजूतदार. नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये म्हणून तो गप्प आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

आता घरचा अहेर. हसणारे आम्ही रत्नागिरीकर कसे आहोत? मारुती मंदिराहून खाली बाजारात यायला उतार असूनही रिक्षा करतो, आणि चढ आहे म्हणून परत जाताना करतोच. थिबा पॅलेस शाळेच्या सहलीत पाहिला, त्यानंतर पाहुण्यांना ‘तो बघा’ म्हणून रस्त्यावरून दाखवला. रत्नदुर्गावर नवरात्रात जातो, तेही गाडी शेवटपर्यंत जाते म्हणून. आमच्या पाखाड्यांवर गवत माजले ते आमच्याच आळसाने. त्यामुळे कोणी येऊन त्या तुडवतो आहे, याचे खरे म्हणजे उपकार मानायला हवेत.

आणि हे ‘कोणी’ तरी परके कुठे असतात? बोलता बोलता कळते की साहेबांचे मूळ गाव पावसच्या अंगाचे. आजोबा गिरणीत होते. शिमग्याला, गणपतीला पेटी-वळकटी घेऊन चाकरमानी म्हणून यायचे आणि आल्या आल्या पडवीत असे आडवे व्हायचे की परतीच्या गाडीलाच उठायचे. वर्षभर गिरणीत उभे राहिलेल्या माणसाला आडवे होण्याचा हक्क होता. नातू वर्षभर खुर्चीत बसून असतो, म्हणून तो इथे येऊन पळतो. घराला कुलूप आहे. तिथे जाऊन यायचे का, असे मी विचारले तर तक्ता पाहून म्हणाला, “रविवारी आरे-वारे सायकलवर आहे, तिकडे नाही जमणार.” आरे-वारे उत्तरेला, गाव दक्षिणेला. त्याच्या हिशोबात गाव उलट्या दिशेला पडत होते.

रविवारी रात्रीच्या गाडीने हे कैदी सुटतात. सोमवारी सकाळी कचेरीत जाऊन पुन्हा बसतात आणि शेजारच्याला रत्नागिरी ‘पूर्ण झाली’ असे सांगतात. थिबाला तीस वर्षांत जमले नाही ते.

तरीही या. आंब्याच्या दिवसांत या, थंडीत या, जोडीने या, पळा, चढा, घाम गाळा. आमची काही हरकत नाही. मोदक मात्र माणशी दोन तरी घ्या. आणि एक कळकळीची विनंती : माळनाक्याच्या चढावर रस्त्याच्या मधोमध थांबून घड्याळ बघू नका. मागून एसटी येत असते, आणि तिचा ड्रायव्हर तुमच्या नाडीसाठी चढावर गिअर बदलणार नाही.